आधी शेण दाखवा

डॉ. रहाळकरांना नमस्कार केला, की ते उलट नमस्कार करत नसत. "आधी शेण दाखवा," असं म्हणत. समोरचा माणूस आजारी गाय घेऊन आलाय की लग्नाची पत्रिका, याने त्यात काही फरक पडत नसे. एकदा पशुसंवर्धन खात्यातले मोठे साहेब दवाखान्याच्या तपासणीला आले. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले. दारात बूट वाजले तशी मान वर न करताच ते म्हणाले, "आधी शेण दाखवा." साहेबांना ते लागलं. डॉक्टरांची बढती पुढे बरीच वर्षं रखडली, त्याचं कारण हेच, असं खात्यात बोललं जाई. मी एकदा त्यांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "चूक माझीच. वर बघून विचारायला हवं होतं."

माझी त्यांची ओळख नव्वदीच्या दशकातली. बाजार खुला झाला होता आणि माणसांच्या बरोबरीने गाईगुरांच्या पोटाचाही नव्या कंपन्यांना कळवळा आला होता. अशाच एका कंपनीचा मी औषध-प्रतिनिधी होतो. गळ्यात टाय, हातात बॅग, बॅगेत जंतांच्या गोळ्या. जनावराची गोळी चांगली अंगठ्याएवढी असते, त्यामुळे बॅग उचलून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला आहे. टाय लावून गोठ्यांतून हिंडणारा माणूस कसा दिसतो, ते मला म्हशींच्या नजरेवरून कळत असे.

हिंजवडी तेव्हा गाव होतं. शेतं होती, गोठे होते आणि आयटी ही काय भानगड आहे ते कोणाला माहीत नव्हतं. डॉक्टरांचा सरकारी दवाखाना रस्त्याच्या कडेला होता. पत्र्याची एक खोली, पुढे जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आणि खोलीत एकच खुर्ची. मी नमस्कार केला, त्यांनी शेण मागितलं. मी म्हटलं, "मी प्रतिनिधी आहे."

"कोणाचा?"

"कंपनीचा."

"मला वाटलं जंतांचा. त्यांचंही कोणी यायला हवं एकदा. बसा असं मी म्हणणार नाही, कारण खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मी आहे."

मी उभ्याउभ्या पाठ केलेलं बोलायला लागलो. आमच्या कंपनीचं घोषवाक्य होतं, 'महिन्याला गोळी, दुधाची दिवाळी.' ते ऐकून डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आपल्याला कोणी दर महिन्याला, गरज असो-नसो, जुलाब दिला तर आपण दिवाळी साजरी कराल का?" मग विचारलं, "जंत पाहिलाय कधी?"

"फोटोत."

"ज्यांना मारायची सुपारी घेऊन हिंडताय, त्यांचं तोंड तरी बघून घ्या." असं म्हणून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी वाकवलं. काचेवर एक तपकिरी गोल ठिपका होता आणि त्याच्या कवचावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खळगे होते. ते वासराच्या पोटातल्या मोठ्या गोल जंताचं अंडं होतं. मी बराच वेळ बघत राहिलो. मी दोन वर्षं ज्यांच्या जिवावर पगार घेत होतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटले.

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'गोळीवाले' झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्या गोळ्याही ते फारशा घेत नसत. "विनाकारण गोळ्या चारल्या की मरतुकडे जंत मरतात आणि गोळी पचवणारे उरतात. पुढे त्यांचाच वंश वाढतो. आपण औषध विकत नाही, आपण जंतांची तालीम चालवता," असं ते मला ऐकवत. तरी मी जात राहिलो. दिवसभर "हो हो, देऊ ऑर्डर" ऐकून कान किटलेल्या माणसाला कोणीतरी तोंडावर नाही म्हणणारं लागतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी नेहमी एक काळी प्लॅस्टिकची डबी असे. फोटोचा रोल ज्या डबीत यायचा, ती. ओळखीचा एक फोटोवाला रिकाम्या डब्या त्यांच्यासाठी साठवून ठेवी. लोकांच्या लग्नामुंजींचे फोटो ज्या डब्यांतून निघाले, त्यांतून डॉक्टर आसपासच्या सगळ्या गावांचं शेण गोळा करत. दवाखान्यात बघून झालं नाही, तर डब्या घरी येत. घर बिबवेवाडीला. "पेठेत जन्मलो आणि बिबवेवाडीत आलो. रामाला निदान चौदा वर्षांनी परत येता आलं," असं ते म्हणत. त्या घरातल्या गॅलरीत त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला दुसरा सूक्ष्मदर्शक होता. डब्यांना गॅलरीबाहेर यायला बंदी होती आणि ती बंदी कुसुमकाकूंची होती.

कुसुमकाकू कमी बोलत, पण पुण्याच्याच असल्यामुळे कमी पडत नसत. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की नवरा डॉक्टर आहे. "माझ्या बहिणीचे यजमानही डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे लोक पेढे घेऊन येतात," एवढंच त्या म्हणत आणि गॅलरीकडे बघत. त्या डबीला कधी हात लावत नसत. डॉक्टर डबी घेऊन आत शिरले की स्वयंपाकघरातून एकच वाक्य येई, "झाकण घट्ट लावा. वास येतो." मी त्या घरात वीस-पंचवीस वर्षं जात-येत होतो, पण त्या विषयावर त्यांच्या तोंडून यापेक्षा वेगळं वाक्य ऐकलं नाही.

मग हिंजवडीत काचेच्या इमारती आल्या. जमिनी गेल्या, जमिनींबरोबर गोठे गेले, आणि दवाखान्याच्या खोड्यापुढे कंपन्यांच्या बसगाड्या थांबायला लागल्या. गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला फोटो लावलेली तरुण मुलं खोड्याला टेकून बसची वाट बघत. डॉक्टर म्हणत, "पूर्वी इथे जनावरांना दाव्याने बांधायचे. आता माणसं स्वतः बांधून घेऊन येतात. प्रगती आहे." गाई-म्हशी कमी झाल्या आणि कुत्री यायला लागली. हाफपँटमधला एक मुलगा त्याची आजारी कुत्री घेऊन आला. डॉक्टरांनी सवयीने शेण मागितलं, तर त्याने खिशातून पारदर्शक पिशवी काढली आणि म्हणाला, "सर, आजची पॉटी. सकाळी सात वाजता कलेक्ट केलीय. लेबल लावलंय." डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्याला म्हणाले, "बसा." त्या खुर्चीवर बसलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

डॉक्टर निवृत्त झाले त्याच सुमारास माझ्या मुलीला तिथल्याच एका कंपनीत नोकरी लागली आणि तिच्या हट्टापायी आम्ही वारज्याचा फ्लॅट विकून हिंजवडीजवळ राहायला गेलो. आमच्या सोसायटीच्या इंग्रजी नावाचा अर्थ गाईंना चरायचं कुरण असा होतो. त्या नावाखाली बाराव्या मजल्यापर्यंत एक गवताची काडी नाही. अशा ठिकाणी एका दिवाळीत वसुबारस साजरी करायचं ठरलं. सांस्कृतिक समितीच्या प्रमुख अनघा नावाच्या एक उत्साही बाई होत्या. कुठल्याशा कंपनीत त्यांच्या हाताखाली पन्नास माणसं होती आणि सोसायटीत आम्ही सगळे. त्यांनी ठरवलं, फोटोची पूजा नको, खरीखुरी गाय आणि खरंखुरं वासरू हवं.

मी डॉक्टरांना आणि काकूंना फराळाला बोलावलं. डॉक्टर आल्याआल्या म्हणाले, "फराळासाठी आलेलो नाही. गाय येणार म्हणालात म्हणून आलो."

गाय आली, पण फाटकावर अडली. विदर्भातून आलेला एक वॉचमन तिथे होता, अगदी नियमाचा माणूस. त्याने आतल्या फोनवरून अनघाबाईंना विचारलं, "मॅडम, गाईचं काय लिहू जी? व्हिजिटर, डिलिव्हरी का कॅब?"

"डिलिव्हरी टाका," बाई म्हणाल्या.

"वासराचं वेगळं लिहू का जी?"

अशा रीतीने कुरण नावाच्या जागेत गाय आत आली. दोरी धरून ताराबाई होत्या. वय साठीचं, हिरवं नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू. त्यांची जमीन आमच्याच सोसायटीच्या आणि शेजारच्या इमारतीच्या खाली गेली होती. मागे राहिला होता एक बंगला, बंगल्याशेजारचा गोठा आणि गोठ्यात ही एक गाय. बरोबर त्यांचा मुलगा संतोष होता, मनगटात कडं आणि संध्याकाळच्या अंधारात काळा चष्मा घातलेला.

वासरू म्हणजे सव्वा महिन्याची कालवड होती. तिला बघताच बायकामुलांत एकच गलका झाला. पोट हे असं गरगरीत, पाय काटकुळे, डोळे मोठे. मुलं पोटावर हात फिरवत होती, मोबाइलवर फोटो निघत होते. अनघाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, किती चबी आहे ना! अगदी हेल्दी बेबी."

डॉक्टर वासराच्या पाठीवरून हात फिरवत होते. ते वळले आणि म्हणाले, "पोट मोठं म्हणजे तब्येत चांगली, हा नियम फक्त नगरसेवकांना लागू आहे. पोट बघू नका, पाठ बघा. हाडं मोजता येतायत." मग ताराबाईंना म्हणाले, "आधी शेण दाखवा."

तेवढ्यात कालवडीनेच ते दाखवलं. सोसायटीतल्या मुलींनी दुपारभर खपून काढलेल्या रांगोळीच्या अगदी मधोमध. पांढुरकं, चिकणमातीसारखं, आणि वास असा की पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी मागच्या रांगेत गेल्या. "टिश्यू, टिश्यू!" असं ओरडत अनघाबाई धावल्या.

"हात लावू नका!" डॉक्टर एवढ्या मोठ्याने ओरडले, की लिफ्टपाशी उभे असलेले लोकही थांबले. खिशातून काळी डबी काढून ते रांगोळीत उकिडवे बसले आणि बोटाने शेण डबीत भरायला लागले. इस्त्रीचा पांढरा सदरा, भोवती औक्षणाची तबकं आणि मधे हे. कुसुमकाकू माझ्या बायकोशेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "झाकण घट्ट लावा म्हणावं."

ताराबाई मात्र पुढे आल्या. "जंताचं डाक्टर न्हवं का तुम्ही? सडकंला दवाखाना हुता तुमचा."

"मग कधी आला का नाहीत?"

"गायीला कधी काय झालंच न्हाय. दूध देती, खाती-पिती. तिची वासरं तेवढी जगत न्हाईत. तीन झाली, तिन्ही गेली. अशीच पोट सुटून. आमाला वाटायचं बाळसं धरतंय, आन् एक दिवस उठतच न्हाय." त्या दोरी बोटाला गुंडाळत होत्या. "लोकं म्हंत्यात गायच अवलक्षणी हाय. ह्यो म्हंतोय, औंदाचं वासरू जगलं तर गाय ऱ्हाईल. न्हाय तर इकायची आन् गोठा पाडून गाडीला शेड करायची. मी हो म्हणून बसलीया, डाक्टर."

संतोषने चष्मा वर केला. "फॉर्च्यूनर उन्हात उभी असती सर. कलर फेड होतोय."

डॉक्टर गाडीचा विषय सोडून पुन्हा कालवडीची पाठ चाचपायला लागले. याचा अर्थ प्रकरण गंभीर आहे, हे मला कळलं. एका मुलाने मायेने कालवडीच्या तोंडात पेढा कोंबायला घेतला, तेव्हा तेवढा त्यांनी त्याच्या हातून काढून घेतला. पूजा झाली. मग समितीने जेवणाकडे बोट दाखवलं. तिथे मुलांसाठी नूडल्स होते आणि मोठ्यांसाठी पनीर टिक्का. डॉक्टरांनी ताट घेतलं नाही. अनघाबाईंनी आग्रह केला तेव्हा ते म्हणाले, "वासराच्या वाटचं दूध आज आपण घेऊ नये, म्हणून बायका हा उपास करतात. बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खातात. पनीर कशाचं करतात, तेवढं समितीच्या पुढच्या बैठकीत विचारून घ्या."

घरी जाऊन त्यांनी डबी तपासली आणि लगेच मला फोन केला. "गोळीवाले, काचेवर नुसती अंडीच अंडी आहेत. उद्या सकाळी या. बॅग आणू नका, स्वतः या."

धनत्रयोदशीला आम्ही गोठ्यावर पोचलो तेव्हा संतोष सोनं आणायला निघाला होता. गाडीला झेंडूची माळ होती. कालवड कोपऱ्यात मान टाकून पडली होती आणि कालच्या उत्सवातलं कुंकू तिच्या कपाळावर अजून होतं. डॉक्टरांनी तिच्या छातीभोवती टेप लावून वजनाचा अंदाज घेतला, औषध मोजलं आणि बाटली हातात धरून तसेच थांबले. मी त्यांना असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"आत इतके आहेत, की सगळे एकदम मेले तर त्यांचीच गाठ आतड्यात बसेल आणि वासरू जाईल. दिलं नाही तर तसंही जाईल." मग त्यांनी कालवडीचं तोंड वर केलं आणि गालफडातून औषध सावकाश सोडलं. ठसका लागू नये म्हणून थेंबाथेंबाने. तेवढ्या वेळात त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. डॉक्टर उलट्या घमेल्यावर बसले, ताराबाई गाईच्या पायाशी. दुपार झाली तरी कालवड थानाला तोंड लावेना. गाय मान वळवून वळवून तिला चाटायची आणि हंबरायची. मला भीती वाटत होती, खरंच सांगतो. शेकडो गोठ्यांत मी गोळ्या दिल्या होत्या, पण गोळी दिली की मी पुढच्या गोठ्यात जात असे. गोळीनंतरचा दिवस मी कधी पाहिलेला नव्हता.

ताराबाईंनी विचारलं, "ह्ये जंत येत्यात कुठनं? माती खाती व्हय ती?"

"गाईच्या अंगात त्यांची पिल्लं झोपून असतात. गाईला त्रास काहीच देत नाहीत. ती व्याली की जागी होतात आणि पहिल्या चिकाच्या दुधातून वासराच्या पोटात उतरतात."

ताराबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी आईच्या दुधातनंच इख दिलं म्हना की. लोकं म्हनत हुती त्ये खरंच."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. आता काहीतरी धारदार येणार, अशी मला धास्ती होती. पण ते घमेल्यावरून उठले आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ताई, दूध चांगलंच आहे. दुधाबरोबर नको ते पाहुणे आलेत. पाहुण्यांना घालवायचं, दूध तोडायचं नाही. तिचा काही दोष नाही. तुमचाही नाही." अहो-जाहो करून सगळ्या पुण्याचा पाणउतारा करणारा हा माणूस कोणाला 'ताई' म्हणतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ताराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि गाईलाच म्हणाल्या, "ऐकलंस का गं?"

संध्याकाळी मी घरी गेलो. डॉक्टर गेले नाहीत. काकूंना त्यांनी निरोप पाठवला, "उद्या अभ्यंगस्नानाला उशीर होईल." काकूंचा उलट निरोप आला, "उशीर चालेल, पण ते करूनच घरात या."

नरकचतुर्दशीला मी उजाडताच गोठ्यात गेलो. संतोष बंगल्याच्या पायरीवर दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता आणि त्याच्या पुढ्यात त्याने नुकतीच केलेली उलटी होती. आत कालवडीच्या मागे पांढऱ्या, वीतभर लांब जंतांचा ढीग पडला होता. जाड नूडल्ससारखा दिसणारा. आमच्या घरी त्या दिवाळीत नूडल्स झाले नाहीत, शेवही कोणी खाल्ली नाही. डॉक्टर विस्कटलेल्या केसांनी, शेणाने माखलेल्या सदऱ्यात उभे होते. "या, गोळीवाले. नीट बघून घ्या. फोटोत आणि प्रत्यक्षात फरक आहे की नाही?"

आणि कालवड उभी होती. पाय लटपटत होते, पोटाचा नगारा पार उतरला होता, पण ती गाईखाली शिरून ढुशा देत होती. ताराबाई एका हाताने तिला आधार देत होत्या आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे पुसत होत्या. मी संतोषकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर, गाडीला कव्हर घेतो मी."

त्या दिवशी डॉक्टरांनी ताराबाईंना एक नियम घालून दिला. "माणसाच्या पोराचं बाराव्या दिवशी बारसं करतात ना? गाईच्या पोराचंही करा. नाव काहीही ठेवा, पण त्या सुमारास औषध पाजायचं. आणि महिन्याभराने शेण डबीत घालून मला आणून दाखवायचं." ताराबाईंनी तो नियम व्रतासारखा पाळला. गाय दर वेळी व्याली की त्या बिबवेवाडीला बारशाचं आमंत्रण घेऊन येत आणि डॉक्टर रिक्षाने बारशाला जात. ताराबाईंनी त्या पहिल्या कालवडीचं नाव वसू ठेवलं. डॉक्टरांना नावं ठेवणं पसंत नव्हतं, लोकांना सोडून. पण वसूला ते वसूच म्हणत.

गोठा राहिला. पुढे सेंद्रिय, देशी, असल्या दुधाची लाट आली, तेव्हा संतोषने त्याच गोठ्याला पांढरा रंग दिला, बाहेर 'काऊ एक्स्पीरियन्स' अशी पाटी लावली आणि आमच्याच सोसायटीला काचेच्या बाटल्यांतून दूध घालायला लागला. अनघाबाई त्याच्या पहिल्या ग्राहक. एकदा त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, "सर, आम्हाला केमिकल-फ्री दूध हवंय. तुम्ही वासरांना औषध देता ते बंद नाही का करता येणार?" डॉक्टर म्हणाले, "येईल की. मग बाटलीवर 'जंतांसह' असं छापायला सांगा. नैसर्गिक आहेत ते." 

डॉक्टर दोन वर्षांपूर्वी गेले. आदल्या महिन्यातच ते वसूच्या तिसऱ्या वासराच्या बारशाला जाऊन आले होते. धाप लागत होती, काकू नको म्हणत होत्या, तरी गेले. परत आल्यावर मला फोन करून म्हणाले, "डोस मीच दिला. हात थोडा कापला, पण सांडलं नाही." मग एके दिवशी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

मी भेटायला गेलो तेव्हा घरात नातेवाईक बसले होते. डॉक्टरांचा मुलगा अमेरिकेहून आला होता. लोक हळू आवाजात बोलत होते, फोटोला हार होता. कोणीतरी म्हणालं, "फार परखड होते." दुसरं कोणी म्हणालं, "पण मनाने चांगले." सगळीकडे म्हणतात तेच. काकू कोपऱ्यात कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. आल्यागेल्याने नमस्कार केला की मान हलवत होत्या. गॅलरीचं दार लावलेलं होतं.

बेल वाजली. दारात ताराबाई होत्या. दोन बस बदलून आलेल्या, हातात काळी डबी. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. डॉक्टरांची डायरी नव्हती, मोबाइल नव्हता, कोणाला कळवायचं ते मुलाला ठाऊक नव्हतं. ताराबाईंनी माणसं पाहिली, पांढऱ्या साड्या पाहिल्या, भिंतीवरचा फोटो पाहिला. डबी धरलेला हात छातीशी गेला. "अगं बया," एवढंच म्हणाल्या आणि उंबऱ्याशीच खाली बसल्या. मुलगा लगबगीने पुढे झाला. त्याला वाटलं, बाईंनी काही प्रसाद आणलाय. "काकी, द्या इकडे," तो म्हणाला.

कुसुमकाकू उठल्या. माणसांतून वाट काढत दारापर्यंत गेल्या, ताराबाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या हातातली डबी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गोळीवाले, आधी शेण बघा. बाकीचं मग."

मी गॅलरीचं दार उघडलं. सूक्ष्मदर्शकावर त्यांचा जुना रुमाल झाकलेला होता. त्यांनी शिकवलं होतं तसं शेण पाण्यात कालवलं, गाळलं, थेंब काचेवर घेतला आणि वाकलो. पहिल्या भेटीत त्यांनी मला वाकवलं होतं, तिथेच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काच पाहिली. खळग्या-खळग्यांचा तो गोल ठिपका कुठे दिसतो का, म्हणून पुन्हा पाहिली. मग दुसरा थेंब घेतला. डोळ्यांत पाणी येत होतं, त्यामुळे वेळ लागला. मागे दारात दोघी उभ्या होत्या.

"काय हाय?" ताराबाईंनी विचारलं.

"काही नाही. एकही नाही. वासरू स्वच्छ आहे."

ताराबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी ती डबी मोरीत नेली, साबण लावून आतून-बाहेरून धुतली, पदराने कोरडी केली आणि ताराबाईंच्या हातात परत दिली.

"पुढच्या वासराच्या वेळी इथेच आणा. हे बघतील," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. ताराबाई जायला वळल्या, तशी त्यांना पुन्हा हाक मारून म्हणाल्या, "आणि झाकण घट्ट लावून आणा. वास येतो."